नाव आत्याने ठेवायचं

माझा धाकटा भाऊ एका बँकेत काय काय बिघडू शकतं हे शोधून काढण्याचा पगार घेत असे. त्याच्या खात्याला इंग्रजीत भारदस्त नाव होतं, पण काम एवढंच. कुणी म्हणालं, चला, हे करू या, की ह्याने सांगायचं, केलंत तर असं असं होईल. स्वभाव लहानपणापासूनचा. साताऱ्यात पतंग उडवायच्या आधी हा विजेच्या तारा कुठून कुठे जातात ते बघत बसायचा, आणि तोवर वारा पडायचा. अशा माणसाला त्याच गुणावर नोकरी मिळाली, वर सिंगापूर मिळालं. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन.

मी त्याच्या बरंच आधी इथे आले होते. एका विमा कंपनीत लोकांचे दावे खरे की खोटे ते तपासण्याचं काम होतं. बिशानला भाड्याने राहायचे, एकटी. लग्न झालं नाही. का झालं नाही ह्याला सांगण्यासारखं कारण नाही. जमलं नाही, इतकंच. आई गेल्यावर घरात मोठी मीच उरले. भाऊ आणि वहिनी पासिर रिसला राहायला आल्यापासून माझा रविवार ठरलेला. सकाळी गाडीत बसायचं, मध्ये एकदा बदलायची, मग शेवटच्या स्टेशनापर्यंत खिडकीतून इमारती बघत जायचं. वहिनी जेवायला थांबलेली असे. तिला स्वयंपाक बरा येत असे आणि बोलणं त्याहून चांगलं येत असे, म्हणून मला ती आवडायची.

ह्या दोघांकडे लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी पाळणा हलणार असं कळलं, तेव्हा मी ऑफिसच्या पँट्रीत उभी राहून रडले. चहा करणाऱ्या चिनी आंटीने मला टिश्यू दिला आणि कोण वारलं म्हणून विचारलं. कुणी वारलं नाही, मी आत्या होणार आहे, असं सांगितलं तर ती म्हणाली, “दॅट ऑल आह?” तिचं बरोबर होतं. ऐकणाऱ्याला ते एवढंसंच होतं.

आमच्यात बाळाचं नाव आत्या ठेवते. आई नऊ महिने वागवते, बाप मिरवतो, आजी-आजोबा बाळ कुणावर गेलं ह्यावर भांडतात, पण बारशाला पाळण्यात वाकून बाळाच्या कानात “कुर्रर्र” करून नाव सांगायचं, ते आत्याने. तोवर नाव कुणाला सांगायचं नाही. नाव सांगितलं की बाकीच्या बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालतात. का घालतात कोण जाणे. भाचरांवर एवढा एकच हक्क आत्याला मिळतो, आणि तोही फुकट मिळू नये असा काहीतरी हिशेब असावा.

तर हा हक्क माझा होता. आणि नावही माझ्याकडे तयार होतं.

पाचव्या महिन्यात भावाने एक नवीन बातमी आणली. बँक त्याला झुरिकला पाठवणार होती. बाळ प्रवासाला तयार झालं की निघायचं. तिथून पुढे कुठे ते नक्की नव्हतं. मिलान असेल, पॅरिस असेल, माद्रिदही असेल. त्याने हे जेवताना सांगितलं आणि आमटी वाढून घेतली. मी म्हटलं, अरे वा. दुसरं काय म्हणणार? माणूस पुढे जात असला की अरे वाच म्हणायचं असतं. परतीच्या गाडीत मात्र मला पुढचे रविवार दिसायला लागले, एकामागून एक, मोकळे.

त्या आठवड्यात त्याचा फोन आला. “ताई, नाव शोधून ठेवलंयस का? मुलगी आहे.” इथे डॉक्टर सरळ सांगतात.

“शोधायचं कशाला, आहे माझ्याकडे.”

“छोटं आहे ना? तिथल्या लोकांची जीभ वळायला हवी.”

“दोन अक्षरं. अजून किती छोटं करू?”

“काय आहे?”

“बारशाला कळेल.”

पण तो बिघाड शोधणारा माणूस. त्याचं म्हणणं, युरोपात इतक्या भाषा, हातभर गेलं की भाषा बदलते. एखाद्या भाषेत त्या नावाचा अर्थ वाईट निघाला तर पोरीला शाळेत चिडवतील. आधी तपासून घेतलेलं बरं. मी दोन रविवार नाही म्हटलं. तिसऱ्या रविवारी तो इतका काळवंडलेला दिसला की मला दया आली. मी सांगून टाकलं. “इरा.”

त्याने दोनदा म्हणून बघितलं. “छान आहे,” म्हणाला. “म्हणजे काय?”

“पाणी. दूध. अन्न. पृथ्वी. वाणी.”

“एवढे सगळे?”

“संस्कृत आहे. तिथे एका शब्दाला एकच अर्थ असला तर त्याला गरीब समजतात.”

त्याला हे ऐकून समाधान व्हायला हवं होतं. पण घरातच पाच अर्थ म्हटल्यावर बाहेर किती असतील ह्या विचाराने तो आणखी धास्तावला.

पुढच्या आठवड्यात त्याने मला दुपारच्या सुट्टीत त्याच्या ऑफिसजवळच्या हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांवर, बोलावलं. त्याच्या मजल्यावरची तीन माणसं तिथे यायची होती, एक इटालियन, एक फ्रेंच बाई आणि एक रशियन. मी गेले तेव्हा भावाने टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवून जागा धरली होती आणि तो स्वतः बाजूला अस्वस्थ उभा होता. इथे टिश्यूचं पाकीट ठेवलं की टेबल तुमचं. सारं शहर त्या पाकिटाचा मान राखतं. ह्याचा मात्र त्यावर विश्वास नव्हता.

सगळे आपापले ट्रे घेऊन बसले. भावाने घसा साफ केला आणि मीटिंगमध्ये विचारावं तसं विचारलं, “इरा. तुमच्या भाषेत?”

इटालियन माणूस नूडल्स गुंडाळत होता. तो थांबला. “राग,” म्हणाला.

भावाने माझ्याकडे बघितलं.

“साधा राग नव्हे,” तो इटालियन समजावून सांगू लागला. “बस चुकली म्हणून येतो तो नव्हे. इरा मोठा असतो. देवांचा राग. सात महापापांपैकी एक.” मग त्याला वाटलं असावं की आपण जरा जास्तच मदत केली, म्हणून तो म्हणाला, “पण ऐकायला सुंदर आहे. आणि स्पॅनिशमध्येही तेच आहे हं, एकटे आम्ही नाही.” भावाच्या मनातून मिलानबरोबर माद्रिदही गेलं.

फ्रेंच बाईने चमचा खाली ठेवला. तिच्याकडे तो शब्द नाव म्हणून नव्हता, क्रियापद म्हणून होता. एल इरा, म्हणजे ती जाईल.

“कुठे जाईल?” भावाने विचारलं.

“ते पुढच्या वाक्यावर आहे,” ती म्हणाली.

ही बाई मला तिथल्या तिथे आवडली. भावाला नाही आवडली. पोरीचा जन्म व्हायच्या आत ती जाणार असं कुणी सांगितल्यासारखा त्याचा चेहरा झाला. मी मराठीत म्हटलं, अरे, जाणार तर आहेच. तू तर तिकिटं बघतोयस.

रशियन मात्र खूश होता. “इरा! माझ्या आंटीचं नाव!”

“कुठली आंटी?” मी विचारलं. “आईची बहीण की वडिलांची?”

त्याला हा प्रश्न का पडावा ते कळेना. तरी त्याने आठवून सांगितलं, वडिलांची. म्हणजे आत्या! मी खुर्ची पुढे ओढली. तो सांगू लागला, मूळ नाव इरिना, इरा हे घरातलं. शब्द मुळात ग्रीक, अर्थ शांती. मी भावाकडे विजयाने पाहिलं. मग त्या भल्या माणसाने स्वतःहून पुढे सांगितलं की त्याची आत्या शांत वगैरे अजिबात नव्हती, जॅमच्या बरणीला हात लावला की लाकडी डावाने मारायची. पण दर उन्हाळ्यात तो तिच्याकडेच राहायला जायचा. हे सांगताना त्याचं जेवण निवत होतं आणि त्याचं तिकडे लक्ष नव्हतं.

मला वाटलं, झालं काम. इटलीत राग, ग्रीसमध्ये शांती, फ्रान्समध्ये जाणं आणि आपल्याकडे दूध-पाणी. एवढं सगळं दोन अक्षरांत मावत असेल तर पोरीला आयुष्यभर पुरेल. माणसात तरी ह्याहून वेगळं काय असतं? पण भाऊ ट्रे उचलता उचलता म्हणाला, “ताई, हे रिस्की आहे.” झुरिकच्या जर्मन भाषेत इराला काहीच अर्थ नाही असं त्याने आधी विचारून ठेवलं होतं, तेवढी एकच त्याच्या मते जमेची बाजू.

पंधरा दिवसांनी त्याने स्वतःच नाव ठरवलं. मिया. इटालियनने पसंती दिली होती, फ्रेंच बाईला चाललं होतं, रशियनला उच्चारता येत होतं. इटालियन आणि स्पॅनिशमध्ये अर्थ ‘माझी’. बापाला ह्याहून गोड काय लागणार? “एकच अर्थ, आणि चांगला,” तो म्हणाला. “नाव तूच ठेवायचंस, ताई. कानात तूच सांगायचंस. फक्त हे सांग.”

मला राग आला. तो इटालियन म्हणाला तसा, मोठा. पण रागाचं मला काही वाटत नाही, तो येतो आणि जातो. माझ्या घरचाच आहे. त्याच्या खाली जे होतं ते जाईना. मला फार वाईट वाटलं. टपाल्याने दुसऱ्याचं पत्र टाकावं तसं मी त्याचं नाव त्याच्या मुलीच्या कानात टाकायचं होतं, आणि मग ते तिघं विमानात बसणार होते.

मी रागीट असले तरी भांडकुदळ नाही. ‘ठीक आहे’ म्हटलं आणि स्वयंपाकघरात गेले.

वहिनी ओट्याशी स्टूल घेऊन बसली होती, पाय सुजलेले, समोर मटारच्या शेंगा. मी तिच्या शेजारी बसून सोलायला लागले. बाहेरचं बोलणं तिला ऐकू आलंच होतं.

“ताई,” ती म्हणाली, “हे इतके घाबरतात, तर तुम्हीच दुसरं एखादं सुचवा ना. ह्यांना चालेल आणि तुम्हालाही आवडेल असं.”

“दुसरं नाहीये माझ्याकडे.”

“असं कसं? हजार नावं आहेत.”

“हजार असतील. माझ्याकडे एकच आहे.” आणि मग मला थांबवता आलं नाही. “कॉलेजात संस्कृतच्या कोशात दुसराच शब्द शोधताना सापडलं होतं ते. तेव्हाच ठरवलं होतं, आपल्याला मुलगी झाली की हे ठेवायचं. मुलगी काही झाली नाही. नाव राहिलं.”

वहिनीचे हात थांबले. बाहेर भावाने टीव्ही लावला, क्रिकेट होतं.

“त्याला सांगू नकोस,” मी म्हटलं. “दया म्हणून ठेवलेलं नाव मला नको. आणि तो बिचारा वाईट हेतूने करत नाहीये.”

“नाही सांगणार,” ती म्हणाली. मग बराच वेळ आम्ही मटार सोलले. त्या दिवशी गरजेपेक्षा पुष्कळ जास्त मटार सोलले गेले आणि पुढे तीन दिवस त्यांच्याकडे मटारचंच काहीतरी होत राहिलं.

मुलगी झाली. सगळ्या नव्या मुलांसारखी दिसत होती, म्हणजे लाल आणि नाराज. मला ती जगात सगळ्यात सुंदर वाटली, हे वेगळं सांगायला नको.

वहिनीची आई बाळंतपणासाठी डोंबिवलीहून आली होती. जावयाने नाव मिया ठरवलंय हे तिला पहिल्या आठवड्यात कळलं. ती डिंकाचे लाडू वळत होती.

“मिया? मिया-बीबीतला?”

“अहो आई, ते वेगळं,” भाऊ म्हणाला.

“वेगळं कसं? हाक ऐकणारा काय फोड करून ऐकतो? आमच्या सोसायटीत पोरगी खेळायला गेली की पोरं विचारतील, ए मिया, बीबी कुठाय?”

भावाने युरोपभर चौकशी केली होती, डोंबिवलीत करायची राहिली होती. मला हसू आवरेना, म्हणून मी बाळाचे कपडे वाळत घालायला कॉरिडॉरमध्ये गेले. पण तो मागे हटला नाही. डोंबिवलीला पोरगी वर्षातून पंधरा दिवस जाणार, शाळा तिकडे, असा त्याने हिशेब केला. नावाची नोंद जन्मापासून दोन आठवड्यांच्या आत करावी लागे. बारसं बाराव्या दिवशी, म्हणजे नोंदीला हाताशी दोन दिवस. तो म्हणाला, आता नव्याने तपासायला वेळ नाही.

बारशाची सगळी तयारी वहिनीच्या आईने हाती घेतली. पाळणा शेजारच्या मलाय काकूंनी दिला. त्यांच्याकडे बाळाला स्प्रिंगला टांगलेल्या सारोंगच्या झोळीत निजवतात. बाळाने पाय झाडला की झोळी आपोआप वरखाली होते. तिला शेवंतीची माळ बांधली. मग वरवंट्याचा प्रश्न आला. आमच्यात बाळाला पाळण्यात घालायच्या आधी वरवंट्याला झबलं-टोपडं घालून ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ म्हणत पाळण्याच्या वरून-खालून ह्या बाईकडून त्या बाईकडे देतात. घरात मिक्सर. वरवंटा कुठला? मलाय काकूंनी मिरच्या कुटायचा दगडी बत्ता आणून दिला. “टेक ला, टेक ला,” म्हणाल्या, “बट वॉश फर्स्ट.” दोनदा धुऊनही त्याला तिखटाचा वास येत होता. वहिनीच्या आईने त्यालाच टोपडं घातलं.

दुपारी माणसं जमली. पासिर रिस आणि आसपासची आठ-दहा मराठी कुटुंबं, मलाय काकू, आणि भावाच्या ऑफिसातली ती फ्रेंच बाई; तिला भावाने बोलावलं होतं आणि ती खास साडीला शोभेल अशा रंगाचा झगा घालून आली होती. वहिनीच्या आईने ह्या दोघींना उभं करून सगळं समजावून सांगितलं. बोलत होती मराठीत, वहिनी इंग्रजी करत होती.

“आत्या वाकेल. कानात कुर्र करेल, नाव सांगेल. मग मोठ्याने सांगेल. की तुम्ही तिच्या पाठीत धपाटा घालायचा.”

“मारायचं?” फ्रेंच बाईने विचारलं. “का?”

“धपाटा पडल्याशिवाय नाव लागत नाही. आमच्याकडे असंच आहे. आणि हळू नको मारू, नाहीतर नाव कच्चं राहतं.”

फ्रेंच बाईने मान डोलावली आणि मनगटातलं कडं काढून पर्समध्ये ठेवलं.

बत्ता गोविंद झाला, गोपाळ झाला. झोळीच्या खालून देताना स्प्रिंग उसळली आणि तो एकीच्या पायावर पडता पडता वाचला. सगळ्या हसल्या. मग वहिनीने बाळाला आणून झोळीत ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. भाऊ समोर कॅमेरा डोळ्याला लावून उभा होता. त्याने एक बोट वर करून मला खूण केली, चालू कर.

मी वाकले. एवढासा कान, वरची पाळी अजून दुमडलेली, आणि त्याला दुधाचा वास. मी कुर्रर्र केलं. माझ्या मनात जे होतं ते गिळलं आणि म्हटलं, मिया. दुसऱ्या कानात म्हटलं, मिया. मग वाकलेलीच राहून मोठ्याने म्हटलं, “मिया.” आणि पाठ पुढे करून धपाट्यांची वाट पाहू लागले.

धपाटा पडला नाही.

मला आधी वाटलं, बायका लाजताहेत. मी तशीच वाकून होते, डोळ्यांसमोर बाळ, पाठ उघडी. मागे कुजबूज झाली. मग वहिनीचा आवाज आला, अगदी साधा, वाढायला बसल्यावर ‘अजून घ्या’ म्हणते तसा.

“कुणी मारू नका. अजून नाव ठेवलेलं नाही.”

“अगं, सांगितलं की तिने,” भाऊ कॅमेऱ्याच्या मागून म्हणाला.

“ते तुम्ही ठरवलेलं. नाव आत्याने ठेवायचं असतं.” मग ती माझ्याकडे वळली असावी, कारण आवाज जवळ आला. “वन्सं, तुमचं सांगा.”

वन्सं ती मला एरवी कधी म्हणायची नाही. आमच्याच्याने तो शब्द हसल्याशिवाय उच्चारला जायचा नाही. त्या दिवशी ती हसत नव्हती.

मी मान वळवून बघितलं. वहिनीने दोन्ही हात आडवे धरले होते, रस्त्यावर पोरांना थांबवतात तसे, आणि तिच्या मागे सगळ्या बायका हात वर करून थांबल्या होत्या. फ्रेंच बाईचा हात सगळ्यात वर होता. भावाने कॅमेरा खाली घेतला होता. तो काहीतरी बोलणार होता, काय बिघडेल ते सांगणार होता, पण माझा चेहरा बघून गप्प बसला. माझ्या चेहऱ्यावर काय होतं मला ठाऊक नाही. रडणं दाबून धरलेला चेहरा बरा दिसत नाही एवढं माहीत आहे.

मी परत झोळीत वाकले. कुर्रर्र केलं. एका कानात सांगितलं, दुसऱ्या कानात सांगितलं. मग सरळ होऊन मोठ्याने म्हणायचं होतं, पण सरळ झालेच नाही, वाकूनच म्हटलं.

“इरा.”

पहिला धपाटा वहिनीचा. बाळंतिणीच्या अंगात एवढा जोर असतो हे मला ठाऊक नव्हतं. मग तिच्या आईचा, मग मलाय काकूंचा, “सॉरी आह, सॉरी आह” म्हणत घातलेला. फ्रेंच बाईने सांगितल्याबरहुकूम हळू मारलं नाही. बाकीच्यांचे मी मोजले नाहीत. धपाट्यांबरोबर डोळ्यांतून पाणी आलं आणि कुणी विचारलं असतं तर मारामुळे आलं म्हणून सांगता आलं असतं.

“ताई, हे ठरलं नव्हतं,” भाऊ म्हणाला.

त्याची सासू घुगऱ्यांचं पातेलं उचलत होती. “जावईबापू, धपाटे पडले. आता काही होत नसतं.”

माणसं घुगऱ्या घेऊन गप्पांना बसल्यावर मी बाहेर कॉरिडॉरमध्ये उभी होते. खाली मुलं सायकली फिरवत होती. भाऊ माझ्या शेजारी येऊन कठड्याला टेकला. मला वाटलं, आता हा नोंदीचं काढणार.

“ताई, पण उद्या मिलानला गेलो आणि तिथे लोकांनी विचारलं, मुलीचं नाव राग का ठेवलंत?”

“सांग, आत्यावर गेलीय.”

तो हसला. खरंच हसला, आणि मग थांबला. “मला आधी का नाही बोललीस? मी काय वाघ होतो?”

“काय नाही बोलले?”

“ते मला माहीत नाही,” तो म्हणाला. “पण काहीतरी होतं. ही मला सांगत नाही, आणि मी विचारणार नाही.” आणि त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला, जिथे बायकांनी मारलं होतं तिथे. पुरुष धपाटा घालत नाहीत. त्याने घातलाही नाही. हात तेवढा तिथे ठेवला आणि आत गेला. दोन दिवसांनी त्याने नोंदही तीच करून आणली आणि मला फोनवर स्पेलिंग वाचून दाखवलं. तीनच अक्षरं, पण दोनदा वाचून दाखवली.

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर वहिनी आडवी झाली, तिची आई भांडी आवरू लागली, आणि बाळाकडे बघायला मी एकटी उरले. झोळीजवळ स्टूल घेऊन बसले. बाळ गाढ झोपलं होतं, बत्त्याचं टोपडं आता त्याच्या डोक्यावर होतं आणि त्याला अजून मिरचीचा वास येत होता. तीन-चार महिन्यांनी ते जाणार होते. ते काही बदललं नव्हतं. रविवार मोकळे होणार होते ते होणारच होते, आणि मला त्याचं वाईट वाटतच होतं.

पण बसल्या बसल्या माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. हे नाव इतकी वर्षं माझ्याजवळ होतं. मी ते मनात म्हटलं होतं, कागदावर लिहून खोडलं होतं, अर्थ पाठ केले होते, इटालियन माणसाशी त्यावरून मनातल्या मनात भांडले होते. कानात कुजबुजले होते, चारचौघींत जाहीरही केलं होतं. हाक मात्र मारली नव्हती. मारणार कुणाला?

मी झोळीच्या काठाला हात लावला आणि हाक मारली. ती झोपलेलीच होती. मग मी परत मारली.